लाल दोऱ्याची खूण

बाबा,

काल रविवारी माझ्याकडे एक मुलगी आली होती, वडिलांना सोबत घेऊन. मुलगी माझ्या कॉलेजातली, रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात आलेली. वडील खापरखेड्याच्या पावर हाऊसमध्ये कोळशाच्या खात्यात कामाला. मुलीला परदेशातल्या विद्यापीठात जागा मिळाली आहे, पुढच्या महिन्यात निघायचं आहे, आणि तिथून आलेल्या सूचनांच्या कागदांवर कुणा प्राध्यापकाची सही हवी होती. सहीला दोन मिनिटं पुरली असती. पण तिचे वडील खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते आणि मांडीवरचं एक मोठं पिवळं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. चहा आला तरी खाली ठेवेनात. म्हणाले, "म्याडम, हा पोरीच्या छातीचा फोटो हाये. पेटीत टाकाव का हातात द्याव?" मी म्हणाले, "हातात. पण आधी इथं माझ्यासमोर बाहेर काढा." मुलगी बिचारी बावरली. मी फोटो खिडकीशी धरला, कोपऱ्यातला नंबर मोठ्यानं वाचला, तिला तिच्या कागदावरचा नंबर वाचायला लावला, आणि मग पुन्हा एकदा. तिच्या वडिलांना वाटलं असेल, बाई शिकलेली आहे पण थोडी चक्रम आहे. तरी जाताना हात जोडून म्हणाले, "जयभीम म्याडम, तुमी चांगलं पाहून घेतलं." ते फाटकाबाहेर गेले आणि मी तिथंच पायरीवर बसून राहिले.

तेव्हापासून हे लिहायचं चाललं आहे. दोन कागद फाडून झाले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि टिमकीतल्या आपल्या घरात आता दुसऱ्याच कुणाचा संसार आहे, तेव्हा पाकिटावर पत्ता घालायचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी आईला सांगितली नाही, नवऱ्याला सांगितली नाही, आणि तुम्हाला ती बहुतेक माहीत होती. त्या 'बहुतेक'नं मला इतकी वर्षं धड झोपू दिलेलं नाही. माहीत नव्हती असं म्हणावं तर पुरावा आड येतो, आणि माहीत होती असं म्हटलं की तुमच्याकडे बघायची सोय उरत नाही. फोटोतसुद्धा.

आपलं घर आठवतं ते आवाजानं. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, तुमचे पाय खड्ड्यात, हात वर, आणि धोट्याची सकाळपासूनची ठकठक. आई भिंतीशी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. मी लहान असताना तुमच्या पाठीमागून गळ्यात हात टाकून उभी राहत असे, आणि माझी बोटं बरोबर तुमच्या उजव्या खांद्याजवळच्या त्या उंचवट्यावर पडत. तरुणपणी सुताची गाठोडी घेऊन येताना तुम्ही बैलगाडीवरून पडलात, गळ्याखालचं हाड मोडलं, आणि कुणा हाडवैद्यानं ते बांधलं ते वाकडंच बसलं. मी त्याला बटण म्हणायचे. बटण दाबलं की तुम्ही "काय पायजे वं माय?" असं मागच्या मागे विचारायचात, हात न थांबवता. आईला हा खेळ मुळीच आवडत नसे, कारण बाणा, म्हणजे आडवा दोरा, चुकला की शिव्या तिला ऐकाव्या लागत.

मग मी मोठी झाले, शिकत सुटले, रंगांच्या रसायनात जरा बरं डोकं चाललं, शिष्यवृत्ती मिळाली, आणि एके दिवशी ते जाडजूड पाकीट आलं. मी कसं हजर व्हायचं, कुठं व्हायचं, काय काय बरोबर आणायचं, याच्या अकरा पानी सूचना. सगळ्या इंग्रजीत. तुम्ही मराठी चौथी. तुम्ही म्हणालात, रोज थोडं वाचून दाखव, एकदम नको, एकदम वाचलं की ध्यानात राहत नाही. मग रोज दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही मागाच्या काठावर बसायचे आणि मी एकेक कलम मराठीत सांगायचे. वसतिगृहाच्या कचेरीत दहा ते चार या वेळात हजर व्हावे, रविवारी कचेरी बंद. तुम्ही लगेच बोटांवर दिवस मोजायला लागलात. "अन् रविवारी पोचली त? बाहीर पायरीवर बसन काय पोट्टी?" चेहऱ्याचे सहा फोटो आणावेत. "सहा काहून? तोंड त एकच हाये." मला हसू यायचं आणि रागही यायचा. मला ते कागद एकटीनं, पंख्याखाली, शहाण्या माणसासारखे वाचायचे होते. तुमच्या मागाच्या काठावर बसून ते वाचले की ते लग्नाच्या बस्त्याच्या यादीसारखे वाटायला लागत.

सातव्या पानावर प्रकृतीचं कलम होतं. छातीचा एक्स-रे काढून तो विद्यार्थ्यानं स्वतः हातात आणावा, सामानात टाकू नये. आणि त्याच्याखाली असं, की घरात कुणाला क्षयाची बाधा असल्यास आधी कळवावं. अशा विद्यार्थ्याचा प्रवेश पूर्ण तपासणी होईपर्यंत रोखला जाईल किंवा रद्द होऊ शकेल. हे मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. तुम्ही खोकत होतात त्याला वर्ष होऊन गेलं होतं, पण आपल्या गल्लीत खोकत नव्हतं कोण? सुताचा भुगा आणि खळीची वाफ, प्रत्येक घरातून पहाटे तोच आवाज. मी वाचून थांबले. तुम्ही मांडीवरचा दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळत होतात. म्हणालात, "पुढचं वाच." पुढचं छत्रीबद्दल होतं. मी छत्रीबद्दल वाचलं.

तालमीची कल्पना तुमचीच. तिथल्या टेबलापाशी उभं राहिल्यावर माणसाची बोबडी वळते म्हणून आधीच सवय हवी, असं तुमचं म्हणणं. काडीला दोरा गुंडाळलेला तुमचा तो चष्मा लावून तुम्ही साहेब व्हायचे आणि मी फाइल छातीशी धरून दारात उभी.

"कोण वं तू?"

"बाबा, तिथले साहेब 'वं' म्हणत नाहीत."

"त काय म्हनतेत?"

"मिस म्हणतात."

"बरं. मिस वं, कोण तू?"

आई चरखा थांबवून पदर तोंडाशी धरून हसायची. पण तुम्ही हसायचे नाहीत. प्रश्नांचा क्रम ठरलेला: नाव, गाव, कशाले आली, बापाचं नाव, बापाचा धंदा. उत्तरं मी इंग्रजीत द्यायची. तुम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचे आणि अडखळले की परत पहिल्यापासून. एकदा बापाच्या धंद्याला मी जरा सजवून, कापडाच्या व्यवसायात आहेत, असं काहीतरी लांबट इंग्रजी वाक्य म्हटलं. तुम्ही चष्मा काढला. "हे भलतंच लांब झालं. कोष्ट्याले एवढं लांब लागते काय?" मी फाइल सावरली. "एका शब्दात सांग." मी एका शब्दात विणकर म्हणून सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. "हां. हे बराबर. अन् ध्यानात ठेवजो, साहेबानं काही बी विचारलं त अडखळू नको. अडखळली का त्याले वाटते, हे खोटं बोलून राहिली." ते रागावणं नव्हतं, पण मला ते फार लागलं, कारण तुम्ही मला बरोबर पकडलं होतं.

एक्स-रे काढायला आपण बर्डीवर, मोठ्या बाजारात गेलो. माझा फोटो झाला आणि मी तशीच पुढे गेले, चेहऱ्याचे ते सहा फोटो काढायला; तुम्ही पाकिटासाठी तिथं थांबलात. तुम्ही थांबलात आणि खोकलात. तिथल्या माणसानं तुम्हाला म्हटलं, काका, तुम्ही पण उभे राहून घ्या मशिनीपुढे. हे मला नंतर कळलं, आईकडून. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की तुम्ही उशिरा आलात, सायकलच्या कॅरिअरला पाकीट बांधून, आणि चेहरा ओढलेला होता. मी म्हटलं, एवढा वेळ काय करत होता? तुम्ही म्हणालात, गर्दी होती. त्या गठ्ठ्यात एक नव्हे, दोन पाकिटं होती. एकाच रंगाची, एकाच मापाची. आत फोटोवर नाव नसे, कोपऱ्यात नुसता इंग्रजी आकडा. माझा एक, आणि तुमचा त्याच्या लगेच पुढचा.

तुम्ही त्या दोन पाकिटांचं काय केलं असेल याचा मी इतक्यांदा विचार केला आहे की आता ते मी पाहिल्यासारखं वाटतं. तुमचं पाकीट कोनाड्यात, कॅलेंडरच्या मागे. माझं मात्र तुम्ही दोन पुठ्ठ्यांत घालून वर तुमच्याच हातचं जाडं पांढरं कापड शिवून टाकलंत, पार्सल शिवतात तसं, आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारलीत. ही तुमची नेहमीची खूण. इतवारीच्या बाजारात व्यापाऱ्याकडे दहा विणकरांची लुगडी एका ढिगात पडायची आणि काठाशी ज्याच्या त्याच्या दोऱ्याची गाठ बघून तो ओळखायचा की माल कुणाचा. आपल्या घराची गाठ लाल. तुम्ही गाठोडं माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "हे तुयं. साहेबापुढंच उसवजो."

मला लाज वाटली, बाबा. साफ सांगते. परदेशातल्या टेबलावर मी शिवलेलं फडकं ठेवणार आणि तिथला कुणी गोरा कात्रीनं ते उसवणार, हे चित्र मला सहनच होईना. दुसऱ्या दिवशी तुम्ही सूत आणायला गेलात तेव्हा मी ब्लेड घेतलं, शिवण कापली, तुमची लाल गाठ ओढून काढली आणि फोटो परत त्या पिवळ्या पाकिटात घातला. आणि पाकीट कुठं ठेवलं? हाताशी होता तो कोनाडा. कॅलेंडरच्या पुढे. मागे काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही आलात. मागावर पडलेलं ते कापलेलं कापड उचललंत. तुम्ही मला आयुष्यात फार वेळा बोलला नाहीत, म्हणून ती वेळ शब्द न शब्द आठवते. "हे उसवलं काहून?" मी म्हटलं, बाबा, तिथं हे बरं दिसत नाही. "दिसाले काय करतं? फोटो वाकला त तुले परत धाडतीन." मी म्हटलं, नाही धाडत. "तुले लय समजते." एवढंच बोललात. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तुम्ही कोनाड्यातून पाकीट घेतलंत, पुन्हा पुठ्ठ्यात घातलंत, पुन्हा शिवलंत, पुन्हा लाल गाठ मारलीत. इंग्रजी आकडा तुम्हाला वाचता येत नव्हता. ज्या खुणेवर तुमचं सगळं चालायचं ती मी त्याच दुपारी कचऱ्यात टाकली होती. मी आत पोळ्या लाटत होते आणि मुद्दाम बाहेर आले नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर ते गाठोडं मी शालीखाली धरलं होतं. तुम्ही ते शालीबाहेर काढलंत, माझ्या दोन्ही हातांत दिलंत, आणि गाडी हलली.

तिथं मी सोमवारीच पोचले, तुमच्या मोजणीप्रमाणे. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलांची रांग होती आणि रांगेनं सरकत जायचं. पहिल्या टेबलावर नाव, दुसऱ्यावर कागद, तिसऱ्यावर बापाचं नाव आणि धंदा. मी एका शब्दात सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की त्या क्षणी तुम्ही असता तर तुमच्या बटणावर बोट ठेवलं असतं. चौथ्या टेबलापाशी एक म्हातारी डॉक्टरीण बसली होती, केस पांढरे, आवाज मऊ. तिनं गाठोडं हातात घेऊन उलटसुलट केलं, कापड चोळून पाहिलं आणि म्हणाली, काय सुंदर शिवलंय, कापायला जिवावर येतं. बघा, म्हणजे माझी ती लाजही फुकटच होती. मग तिनं फोटो मागच्या उजेडाच्या पेटीवर लावला आणि वाकून बारकाईनं पाहिला.

नंतर तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, हा फोटो तुझा नाही. हा पुरुषाचा आहे, आणि तरुण माणसाचा नाही. वरच्या बाजूला डाग दाखवले, ढगांसारखे. हा माणूस आजारी आहे, म्हणाली, चांगलाच आजारी आहे. मी डागांकडे बघत नव्हते. गळ्याखालचं उजवं हाड मधोमध वर उचललेलं होतं, एक बोट मावेल एवढं. तिनंही त्यावर पेन्सिल ठेवली. हे कधीतरी मोडलं असणार, म्हणाली, कुणीतरी वाकडंच बांधलंय.

मी सांगितलं की फोटो काढणाऱ्याकडे गर्दी होती, त्यानं अदलाबदल केली असेल. तिनं माझ्या कागदावरचा आकडा आणि फोटोवरचा आकडा ताडून पाहिला आणि म्हणाली, हो, हा पुढचा नंबर आहे. मला शेजारच्या इमारतीत पाठवलं, नवा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. चारच्या आत माझ्या हातात खोलीची किल्ली होती. तिनं तुमचा फोटो त्याच कापडात गुंडाळून मला परत दिला. खोलीत गेल्यावर मी कोटसुद्धा न काढता पलंगावर बसले, आणि पहिला विचार हा आला नाही की तुम्ही आजारी आहात. पहिला विचार आला, वाचले.

दुसरा विचार यायला रात्र उलटावी लागली: माझा स्वच्छ फोटो आता घरी आहे. तुम्ही तो घेऊन कुणाकडे गेलात तर? मी लगेच पत्र लिहायला हवं होतं. मी लिहिलं, पण काय लिहिलं? पोचले, खोली चांगली आहे, खिडकीतून झाड दिसतं. महिन्यानं तुमचं पत्र आलं. जाड्या अक्षरातलं, ओळी वर चढत गेलेल्या. त्यात हवापाण्यानंतर असं होतं की तुला सांगितलं नव्हतं, पण मीही छातीचा फोटो काढला होता. सरकारी दवाखान्यात दाखवला. तिथं ही गर्दी. डॉक्टरनं खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाला, बुवा, छाती तरण्या माणसासारखी आहे, खोकला सुताचा आहे, गरम पाणी प्या. तू काळजी करू नको. मी ते पत्र घेऊन स्नानगृहात गेले, नळ सोडला आणि ओरडले. मग बाहेर आले आणि उत्तर लिहिलं: बाबा, तरी पुन्हा एकदा फोटो काढा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. का, ते लिहिलं नाही. तो फोटो माझा आहे, तुमचा इथं माझ्या कपाटात आहे, एवढी एकच ओळ. ती लिहिली की ते सातवं पान उघडणार, मी खोटं बोलले हे निघणार, मला परत पाठवणार. मी स्वतःला सांगितलं, बाबा पुन्हा फोटो काढतीलच. तुम्ही कशाला काढाल? डॉक्टरनं सांगितलं होतं ना.

दिवाळी झाल्यावर तुमचं आणखी एक पत्र आलं. नेहमीपेक्षा छोटं. आईनं केलेल्या चकल्या, शेजारचा माग विकला गेला, आणि शेवटी एकच प्रश्न, तोही जसा सहज आठवला तसा: "तिथं कागद पाह्यले तवा साहेबानं तुले फोटोबद्दल काही विचारलं होतं काय?" मी ते वाक्य चार दिवस बरोबर घेऊन फिरले. मला वाटलं, नुसती चौकशी आहे. मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी उत्तर लिहिलं: नाही बाबा, काही विचारलं नाही. सगळं बरोबर निघालं. त्यानंतर तुम्ही फोटोचं नाव काढलं नाहीत, आणि मीही नाही. पुढच्या उन्हाळ्यात रक्त पडलं तेव्हा दवाखान्यात खरं निघालं, आणि तोवर औषधाला फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तार आली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, हात कोपरापर्यंत निळे.

शिकून परत आले तेव्हा आईनं तुमची पेटी माझ्यापुढे उघडली. दोन धोतरं, चष्मा, माझी सगळी पत्रं, आणि ते पिवळं पाकीट, पांढऱ्या कापडात शिवलेलं. कोपऱ्यात लाल गाठ. मी विचारलं, हे कधी शिवलं? आई म्हणाली, "दिवाळीच्या वख्ताले. दिवे लागले होते. बल्बापुढं धरून पाहून राहिले होते तो फोटो, लय वेळ. अन् आपल्या या हाडावर बोट फिरवून राहिले होते. मी म्हटलं, काय पाहून राह्यले जी? त म्हनत, पोरीचं हाड सरळ हाये. मले वाटलं, तुयी आठवण येऊन राह्यली असंन, म्हणून काहीबाही बोलून राहिले. मंग शिवून ठेवलं त्याइनं. अन् मंग तुले चिठ्ठी लिवाले बसले."

आईला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. मला सगळं कळलं. तुम्ही फोटो पाहिलात, तुमचं वाकडं हाड त्यात नव्हतं, आणि तुम्ही ओळखलंत की हा माझा आहे. म्हणजे तुमचा माझ्याजवळ आहे. म्हणजे तिथल्या टेबलावर तुमचीच छाती उघडी पडली असणार, आणि तरी मला आत घेतलं, म्हणजे मी काहीतरी सांगितलं असणार. तुम्ही मला विचारलंत. मी नाही म्हटलं. आणि तुम्ही आपल्या घराची खूण परत त्या पाकिटावर मारून पेटी लावून टाकलीत, आणि दुसऱ्या दवाखान्यात गेला नाहीत. का गेला नाहीत, याचं उत्तर मला एकच सुचतं, आणि ते मी कागदावर उतरवणार नाही. कधीकधी मला तुमचा भयंकर राग येतो, बाबा. एका पोस्टकार्डावर मला शिवी घातली असतीत तर मी सगळं टाकून आले असते. आले असते का? हे असं होतं, प्रत्येक वाक्याला दुसरं वाक्य चिकटून येतं.

काल ती मुलगी गेल्यावर मी कपाटातून तुमचा फोटो काढला आणि खिडकीशी धरला. सतरा वर्षांत तिसऱ्यांदा. कडा पिवळ्या पडल्या आहेत. हाड तसंच आहे.

आता राहिलेलं सांगते. वर मी लिहिलं की अदलाबदल झाली असेल असं मी त्या डॉक्टरणीला सांगितलं. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. त्यानंतर तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, तुझ्यामागून कोण उभं होतं त्या फोटोच्या रांगेत, आठवतं का? या माणसाला औषध मिळालं तर तो बरा होईल. तू नुसतं सांग, आम्ही इथून तार करू, तुझ्या प्रवेशाचं काय ते मी पाहीन. हे तिनं म्हटलं, बाबा. प्रवेशाचं मी पाहीन, असं स्पष्ट म्हटलं. तुमच्या तालमीत सगळे प्रश्न होते, हा नव्हता. मी त्या हाडाकडे बघत म्हणाले, नाही, मी या माणसाला ओळखत नाही.

आणि तुम्ही शिकवलं होतं तसं, जराही अडखळले नाही.